शब्दांच्या उगमाचा शनिवारचा क्लास, कॉलेज रोड, नाशिक: 'अ‍ॅट्रिशन'साठी पैसे वसूल, झेरॉक्ससाठी नाही

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक कशाचा ते पुढे येईलच, पण कोणी अर्धं वाचून सोडणार असेल तर त्याच्यासाठी आधीच सांगते, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाहीये आणि एमपीएससी-बँकिंगवाल्यांना व्होकॅब घोटून देणारा पण नाहीये. इथे एक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितात आणि दोन तास त्याच्याच मागे लागतात, आला कुठून, नात्यातले शब्द कोणते, आधी अर्थ काय होता, आता काय झालाय. ज्याला असल्या गोष्टीत रस आहे त्याला जाम मजा येते, ज्याला नाही तो अर्ध्या तासात मोबाईल काढतो, आणि सरांना मोबाईल अजिबात चालत नाही त्यामुळे त्याचे फारच हाल होतात बिचाऱ्याचे.

जागा कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट कधी चालू कधी बंद. शिकवणारे सर इंग्रजीचे रिटायर्ड प्रोफेसर, पण बोलतात बहुतेक मराठीतच. बॅच वीसेक जणांची, त्यात कॉलेजची मुलं, नोकरीवाले, दोनतीन रिटायर्ड काका. महिन्याला अडीच हजार फी, जी मला तरी जास्तच वाटली, कारण मिळतं काय तर एक खुर्ची, एक फळा आणि सर. पण सर आहेत म्हणून चालतंय.

मी गेले ते एकाच शब्दापायी. अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे, दर महिन्याच्या एमआयएसमध्ये, म्हणजे मॅनेजमेंटला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये, अ‍ॅट्रिशनचा कॉलम माझ्या नावावर असतो, गेलेली माणसं भागिले सरासरी हेडकाउंट गुणिले शंभर, झाला आकडा, आणि मग मीटिंगमध्ये सगळे त्या आकड्याकडे असं बघतात की जणू मीच माणसं हाकलली. इतकी वर्षं हा शब्द मी लिहितेय, बोलतेय, त्यावर शिव्या खातेय, पण तो मुळात आहे काय हे कधी बघितलंच नव्हतं. मैत्रिणीने क्लासचं पुढच्या शब्दांचं वेळापत्रक फॉरवर्ड केलं, त्यात अ‍ॅट्रिशन दिसला आणि मी पैसे भरून टाकले.

आता सरांची पद्धत. ते आधी काहीच सांगत नाहीत, शब्द लिहितात आणि विचारतात की हा तुमच्या कानावर कुठे पडलाय. ही पद्धत मला फार आवडली, कारण त्या खोलीतच एका शब्दाचे चारपाच वेगवेगळे धंदे निघाले. मी एचआर सांगितलं. एक स्पर्धा परीक्षावाली मुलगी म्हणाली भूगोल. बीडीएसचा एक पोरगा म्हणाला, सर आमच्याकडे तर दातांना होतं अ‍ॅट्रिशन. देवळाली कॅम्पचे एक काका, फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी अर्थातच लढाई काढली. आणि नाशिकरोडच्या एक ताई, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, हळूच म्हणाल्या की आमच्या चर्चमध्ये कन्फेशनच्या संदर्भात हा शब्द येतो. सगळे त्यांच्याकडे वळले, कारण पाप आणि एमआयएसचा कॉलम एकाच शब्दात कसा काय बसतो हे कोणालाच झेपेना. सर मात्र खूश झाले, म्हणाले, ताई, इंग्रजीत आधी तुमचाच अर्थ आला, बाकी सगळे नंतरचे.

भूगोल पटकन झाला. नदी दगड वाहून नेते, ते दगड एकमेकांवर आपटतात, घासतात, कोपरे जातात, गोटे होतात आणि शेवटी वाळू, ह्याला अ‍ॅट्रिशन, आपल्या पुस्तकातलं सन्निघर्षण. तेच दगड नदीच्या तळाला किंवा काठाला घासून तिथला खडक झिजवतात ते वेगळं, ते अ‍ॅब्रेजन म्हणजे अपघर्षण. परीक्षेत हे दोन मुलं कायम उलटसुलट लिहितात म्हणे. सरांनी उदाहरण दिलं निघोजच्या रांजणखळग्यांचं, पारनेर तालुक्यात कुकडी नदीत आहेत ते. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत खाली खडकात रांजण कोरतात. तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात, खडकाला भोक पडतं ते अपघर्षण आणि ते पाडता पाडता गोटे एकमेकांवर आपटून स्वतः लहान होतात ते सन्निघर्षण. हे ऐकून ती परीक्षावाली मुलगी म्हणाली, सर हे पुस्तकात असं एका ठिकाणी दिलं असतं तर. खरंच. आणि खडक पण कुठला तर बेसाल्ट, आपला काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते तो पण हाच. एवढा कडक दगड पाण्याने आणि गोट्यांनी कोरला जातो म्हणजे बघा.

दातांचा भाग मला वाटलं कंटाळवाणा होईल, पण त्या बीडीएसच्या पोराने मस्त रंगवला. डेंटिस्ट लोक झिजण्याचे प्रकार काटेकोर वेगळे धरतात. दातावर दात घासून झीज झाली तर अ‍ॅट्रिशन, जसं रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचं होतं. बाहेरच्या वस्तूने झाली तर अ‍ॅब्रेजन, म्हणजे खसाखसा ब्रश, किंवा आपल्याकडे आज्या मिशेरी घासायच्या ती. आणि अ‍ॅसिडने झाली तर इरोजन, म्हणजे लिंबू, कोल्ड्रिंक किंवा सतत अ‍ॅसिडिटी होऊन आंबट पाणी तोंडात येणं. गंमत अशी की भूगोलवाले आणि दातवाले ह्यांची अ‍ॅट्रिशनची व्याख्या तंतोतंत एक निघाली, सारख्या दोन गोष्टी एकमेकींवर घासून दोघी झिजतात. इरोजनवर मात्र दोघांचं जमत नाही, नदीवाल्यांसाठी ते सगळ्या झिजेचं एकत्र नाव, दातवाल्यांसाठी फक्त अ‍ॅसिड. सर म्हणाले शब्द एकच असला तरी प्रत्येक धंदा तो आपल्या मापाने शिवून घेतो. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य असावं, नंतर पण दोनदा आलं.

मग ताईंचा चर्चवाला अर्थ, आणि ह्याच्यावर सरांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला, जे मला अजिबात खटकलं नाही. 14 व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसतो तो धर्मशास्त्रातून आलेला. माणसाने पाप केलं, मग त्याला वाईट वाटलं, पण का वाटलं? नरकात जाईन, शिक्षा होईल, लाज वाटेल म्हणून वाटलं असेल तर तो पश्चात्ताप अपुरा, त्याला अ‍ॅट्रिशन. आणि देवावरच्या प्रेमापोटी, आपण त्याचं मन दुखावलं म्हणून वाटलं असेल तर तो पुरा, त्याला कन्ट्रिशन. दोन्ही शब्द घासण्यावरूनच आलेत. लॅटिनमध्ये टेरेरे म्हणजे घासणे, रगडणे. त्याला आधी अ‍ॅड लागला, म्हणजे कशावर तरी, तर झालं वरवर घासणं. कॉन लागला तर पार चुरा होईपर्यंत. सर म्हणाले जात्यातून नुसतं भरडून काढलं तर अ‍ॅट्रिशन आणि पीठ पाडलं तर कन्ट्रिशन, आणि पापी माणसाचं मन ह्या दोनपैकी कुठल्या अवस्थेत आहे ह्यावर युरोपात शतकानुशतकं पंडित भांडलेत. 1551 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेत ठरलं की भरड पश्चात्ताप अपुरा आहे पण फुकट जाणारा नाही, कन्फेशनची जोड मिळाली तर त्यानेही वाट मोकळी होते. ताई म्हणाल्या की लहानपणी आम्ही प्रार्थना पाठ केली, ॲक्ट ऑफ कन्ट्रिशन, पण कन्ट्रिशनला अ‍ॅट्रिशन नावाचा असा धाकटा भाऊ आहे हे कोणी एवढं उलगडून सांगितलं नव्हतं.

मला ऑफिसातले चेहरे आठवत होते. अप्रेझलच्या आधी जो काही पश्चात्ताप होतो लोकांना तो शंभर टक्के अ‍ॅट्रिशन. असो.

घासण्याचा साधा, वस्तूंवाला अर्थ इंग्रजीत 16 व्या शतकातला. आणि लढाईवाला पहिल्या महायुद्धातला. इथे फौजी काकांनी सरांच्या हातातला मार्कर जवळजवळ काढूनच घेतला. फ्रान्समधली वर्दनची लढाई, 1916, 21 फेब्रुवारीला सुरू झाली ती 18 डिसेंबरपर्यंत, दोन्ही बाजूंची लाखो माणसं गेली किंवा जखमी झाली आणि शेवटी रेषा जवळपास जिथल्या तिथे. समोरच्याला हरवायचं नाही, त्याची माणसं आणि दारूगोळा संपेपर्यंत त्याला घासत राहायचं, आणि तुम्ही पण घासले जाताच. वॉर ऑफ अ‍ॅट्रिशन. काका छान बोलतात पण थांबत नाहीत, सरांनी घड्याळ दाखवलं तेव्हा थांबले.

माझा एचआरचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तिथे मला कामाची एक गोष्ट कळली. आपण इकडे कोणी पण नोकरी सोडली की अ‍ॅट्रिशन म्हणतो. पण इंग्रजीत काटेकोर अर्थ असा की माणूस रिटायर झाला किंवा सोडून गेला आणि त्याची जागा भरलीच नाही, असं करत करत संख्या आपोआप कमी होऊ दिली. कोणाला काढलं नाही, नुसतं भरणं बंद केलं. ब्रिटनमध्ये ह्यालाच नॅचरल वेस्टेज म्हणतात, जे ऐकायला फारच वाईट वाटतं. जागा परत भरायची असेल तर त्याला टर्नओव्हर म्हणावं. सोमवारी ऑफिसात मी हे सांगून बघितलं, आमचे साहेब म्हणाले मॅडम नाव काय द्यायचं ते द्या, आकडा खाली आणा.

आता मूळ कुटुंबाकडे. टेरेरेची पोरंबाळं जेव्हा फळ्यावर यायला लागली तेव्हा माझे अडीच हजार वसूल झाले असं म्हणेन मी. डेट्रिमेंट म्हणजे नुकसान, मुळात घासून गेलेला भाग. डेट्रिटस म्हणजे झिजून पडलेला चुरा, हा शब्द भूशास्त्रवाल्यांनी 18 व्या शतकाच्या अखेरीस आणला. ट्राइट म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, चावून चोथा झालेलं वाक्य (सरांचे दोनतीन जोक ह्यात मोडतात). ट्रिट्युरेशन म्हणजे औषध खलात घोटणं, होमिओपॅथीवाल्यांना हा शब्द रोजचा. टर्माइट म्हणजे वाळवी, लॅटिनमध्ये तिचं नाव आधी टार्मेस होतं, पण लोकांच्या तोंडी टेरेरेच्या प्रभावाने ते टर्मेस झालं, कारण ती लाकूड झिजवतेच ना, म्हणजे लोकांनी नावच आपल्या समजुतीने फिरवून टाकलं.

पण सगळ्यात भारी ट्रिब्युलेशन. म्हणजे संकट, छळ, यातना. त्याच्या मागे आहे ट्रिब्युलम, रोमन शेतकऱ्याचं मळणीचं अवजार, जाड फळी, तिच्या खालच्या बाजूला गारगोटीचे किंवा लोखंडाचे दात ठोकलेले, वर माणूस उभा नाहीतर वजन ठेवलेलं, आणि बैल ती फळी खळ्यावर पसरलेल्या कणसांवरून ओढतात. तुर्कस्तान आणि स्पेनमध्ये हे विसाव्या शतकातही वापरात होतं. त्या फळीखाली आपण आलो तर काय होईल, ते म्हणजे ट्रिब्युलेशन. माझं माहेर सिन्नरकडचं, आजोबांच्या गोष्टीत खळं असायचं, मधे तिवडा रोवलेला आणि त्याच्याभोवती बैलांची पात, पण आपल्याकडे नुसते बैलांचे खूर तुडवायचे, दातवाली फळी मी कधी ऐकली नव्हती. सरांनी तिचं चित्र काढलं फळ्यावर, ते चित्र म्हणून वाईट होतं, बैल कुत्र्यासारखा दिसत होता, पण डोक्यातून जात नाहीये.

ग्रीकमध्ये ह्याच घराण्यातलं क्रियापद ट्रिबेइन, घासणे. त्यातून डायट्राइब. आज अर्थ लांबलचक शिव्याशाप असलेलं भाषण, मूळ ग्रीकमध्ये वेळ घालवणं, दिवस घासून काढणं, मग अभ्यासात वेळ घालवणं, मग व्याख्यान, आणि इंग्रजीत येऊन 19 व्या शतकात शिव्या. आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये हा पूर्ण प्रवास एका संध्याकाळी होतो.

आणि ट्रायबॉलॉजी. हा शब्द मुद्दाम तयार केलेला आहे, तोही अगदी अलीकडे, 1966 मध्ये. ब्रिटनमध्ये यंत्रं घासून घासून बंद पडत होती, कारखान्यांचं भयंकर नुकसान, सरकारने पीटर जोस्ट ह्यांच्या हाताखाली समिती नेमली, त्यांच्या अहवालात घर्षण, झीज आणि वंगण ह्या तिन्हीचा अभ्यास एका नावाखाली आणला आणि हिशोब मांडला की नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला 51 कोटी 50 लाख पौंड वाचतील. म्हणजे तोपर्यंत घर्षण एका डिपार्टमेंटला, ग्रीस दुसऱ्याला आणि बेअरिंग गेली की तिसऱ्याला फोन. आमच्या प्लांटमध्ये अजून तसंच आहे. सातपूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला असलेला एक भाऊ बॅचला आहे, तो एरवी मागे बसून जांभया देतो, पण ह्या विषयावर त्याची कळी खुलली. म्हणाला, सर आम्हाला कॉलेजात फ्रेटिंग शिकवलं होतं, ते पण ह्यातलंच का?

सर म्हणाले नाही, ते वेगळं घराणं, पण गोष्ट त्याहून चांगली. फ्रेट हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, फ्रेटान म्हणजे गिळून टाकणे, फस्त करणे, जर्मनमध्ये जनावराच्या खाण्याला फ्रेसेन म्हणतात तो ह्याचाच भाऊ. आधी राक्षस माणसाला फ्रेट करायचा म्हणजे खाऊन टाकायचा, मग गंज लोखंडाला, कसर कपड्याला, आणि मग काळजी माणसाला. आज डोन्ट फ्रेट म्हणतो त्यात खाणारं बाहेरचं कोणी उरलेलंच नाही. मराठीत पण मन खातंच की. आणि इंजिनिअरने मात्र तो जुना अर्थ जपून ठेवलाय. त्या भावाने मग समजावलं की शाफ्ट आणि बेअरिंगची आतली रिंग घट्ट बसलेल्या असल्या तरी कंपनांमुळे केसाएवढ्या हलतात, डोळ्याला दिसत नाही, आणि उघडून बघितलं की तिथे तांबूस-तपकिरी पावडर सापडते, तो लोखंडाचा ऑक्साईड, म्हणजे तिथे फ्रेटिंग चालू होतं. ती लाल पावडर दिसली की फिट चुकलंय असं समजायचं. मला वाटतं त्या दिवशी सरांपेक्षा ह्या मागच्या बाकावरच्या माणसाने जास्त शिकवलं, आणि हे सरांचं कौतुकच आहे, कारण ते बोलू देतात.

वेअर हा आपला साधा शब्द पण आला शेवटी. कपडे घालणे तोच आणि झिजणे तोच, का, तर जुन्या इंग्रजीत फक्त अंगावर घालणे एवढाच होता, आणि रोज घातल्याने कपड्याचं जे होतं त्यावरून दुसरा अर्थ चिकटला. सरांनी हे दोन मिनिटांत उरकलं, वेळ संपत आली होती.

पुढच्या शनिवारी इरोजन होता, तो पण चांगला झाला पण थोडा घाईत. इरोडच्या मागे लॅटिन रोडेरे, कुरतडणे. म्हणून रोडन्ट म्हणजे उंदीर-घूस कंपनी, म्हणून कोरोड म्हणजे गंजणं. आणि रोस्ट्रम! कालिदास कलामंदिरात पाहुणे ज्याच्यामागे उभं राहून बोलतात ते. लॅटिनमध्ये रोस्ट्रम म्हणजे कुरतडायचं साधन, चोच, मग जहाजाची पुढची टोकदार चोच. रोमनांनी इसवी सनपूर्व 338 मध्ये अँटियमच्या लोकांची जहाजं पकडली, त्यांच्या चोची कापून आणल्या आणि रोमच्या चौकातल्या भाषणाच्या ओट्यावर सजावट म्हणून ठोकल्या, तेव्हापासून ओट्याचं नावच चोची. ह्याच रोडेरेचं मूळ आणि संस्कृतमधल्या रद, रदन म्हणजे दात ह्याचं मूळ एकच मानतात. म्हणजे द्विरद म्हणजे दोन दातांचा हत्ती, एकरदन म्हणजे आपला गणपती, आणि रोडन्ट म्हणजे त्याचं वाहन, शब्दांत पण एकाच घरचे निघाले. खोलीत सगळे एकदम ओरडले ह्यावर. एका काकांनी तर जोरात मोरया म्हटलं.

आता स्टार का कापला.

पहिली तक्रार, सर कधीकधी फार मागे जातात. लॅटिन-ग्रीकपर्यंत ठीक आहे, लिहिलेलं सापडतं. पण त्याच्याही मागे जाऊन जे मूळ रूप फळ्यावर लिहितात, पुढे छोटी चांदणी काढून, ती चांदणी म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, नातेवाईक भाषा ताडून अंदाजाने बसवलंय. हे भाषाशास्त्रवाल्यांचं रीतसर काम आहे, हवेतलं नाही, मान्य. पण सर चांदणीचा अर्थ एकदाच घाईत सांगतात आणि मग ट्रिब्युलम जितक्या ठामपणे सांगतात तितक्याच ठामपणे थ्रेश, थ्रेड, ड्रिल आणि टर्न सगळे टेरेरेच्या चुलतघराण्यात घालतात. नवीन माणसाला कळत नाही की ह्यातलं पक्कं किती आणि ताडलेलं किती. दोन रंगांचे मार्कर वापरले तरी काम होईल, पण एक मार्कर तरी धड चालू असायला पाहिजे, तो अर्धा वेळ सुकलेलाच असतो.

दुसरी तक्रार जास्त मोठी, निदान माझ्यासाठी. तुम्ही नाशिकमध्ये बसून इंग्रजी शब्दांच्या उगमाचा क्लास घेता, विषय झिजण्याचा आहे, समोर देवळालीचे काका बसलेत, आणि डूलॅलीचं नाव नाही? इंग्रजांच्या डिक्शनरीत हा शब्द आहे, डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला, आणि तो आपल्या देवळालीवरून गेलाय. ब्रिटिश सैनिकांची मुदत संपली की त्यांना देवळालीच्या कॅम्पात आणून ठेवायचे, परतीच्या जहाजासाठी. जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्चच निघायची, म्हणजे ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो महिनोन्महिने बसून, काम नाही, ऊन, मलेरिया, दारू, आणि माणसं हळूहळू वेड्यासारखी वागायला लागायची. पूर्ण शब्द होता डूलॅली टॅप, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. लढाईत न झिजलेली माणसं वाट बघण्यात झिजली, आणि त्याचं नाव इथल्या गावावरून पडलं, अ‍ॅट्रिशनच्या तासाला ह्याच्याएवढं चपखल दुसरं काय असणार. मी विषय काढला तर सर म्हणाले हो हो, तो स्लँगच्या तासाला घेणार आहे. तो तास मी असेपर्यंत काही झाला नाही. काकांना मात्र सगळं माहीत होतं, जिने उतरताना त्यांनी आम्हा तिघाचौघांना तिथेच उभं करून सांगितलं, तोफखान्याचं स्कूल, जुन्या बराकी, सगळंच. बाकीचे खाली चहाला पळाले आणि त्यांचा चांगला भाग चुकला.

तिसरी तक्रार नोट्सची. अडीच हजार घेऊन झेरॉक्स देता ती पण झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली, लॅटिन शब्दांवरच्या खुणा तर दिसतच नाहीत. विषयाला शोभतं असं कोणीतरी म्हणालं, हसलो, पण पैसे दिलेत भाऊ आम्ही. साधी पीडीएफ ग्रुपवर टाका. ग्रुपवर सध्या येतं काय तर गुड मॉर्निंग आणि लग्नासाठी हॉल भाड्याने मिळेल. मी सरांना दोनदा सुचवलं, ते म्हणाले लिहून घेतलं की लक्षात राहतं. राहतं खरं, पण हा फीचा मुद्दा आहे, स्मरणशक्तीचा नाही. ऑफिसवाल्या ताईंना पण बोलले, त्या म्हणाल्या सरांना विचारा.

वेळेचं पण सांगते, साडेपाच म्हणजे पावणेसहा. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तास बसून पाठ लागते, कंबरेचा त्रास असेल तर उशी घेऊन जा, मी नेते आणि कोणी हसत नाही.

कोणी जावं? शिक्षकांनी जावं, खास करून इंग्रजी आणि भूगोलच्या, त्यांना वर्गात सांगायला दहा गोष्टी मिळतील. ज्यांच्या कामात एखादा इंग्रजी शब्द रोज घासला जातो अशांनी जावं, डॉक्टर, वकील, एचआर, मशीनवाले, आणि जाताना आपला शब्द घेऊन जावं, सर वेळापत्रकात बसवतात. स्पर्धा परीक्षावाल्यांना मी नाही सांगणार, दोन तासांत एक शब्द हे गणित त्यांना परवडणारं नाही, ती भूगोलवाली मुलगी पण दुसऱ्या महिन्यापासून आली नाही. आणि ज्यांना वाटतं की इंग्रजी बोलायला शिकू, त्यांनी तर बिलकुल नाही, तिथे इंग्रजी कोणी बोलतच नाही.

एक डेमो तास फुकट बसू देतात, फी आधी भरू नका, आधी बसून बघा. शनिवारची बॅच घ्या, रविवारची नको. रविवारी तिकडे जवळच्या लॉन्सवर तिथी असली की गंगापूर रोडपासून ट्रॅफिक तुंबतो, बँडच्या आवाजात सर ओरडून लॅटिन शिकवतात, आणि गाडी लावायला जागा मिळालीच तर ती लग्नातल्या कोणीतरी मागून ब्लॉक केलेली असते.